कागदावर खुशी, तोंडी सक्ती

२०२१ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट आहे. घाटाखालील आमच्या रोहिणखेड गावी आमची मोठीमाय एका सायंकाळी हातात कागद घेऊन माझ्याकडे आली. ती एका इस्पितळात कंत्राटदाराच्या हाताखाली झाडलोटीचे काम करीत असे. त्या इस्पितळाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण मला जे सांगावयाचे आहे, ते एका इस्पितळापुरते नाही. कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “बापू, यात काय लेयलं हाय ते वाचून सांग मले. सही केली तं काय होईन, अन् नाही केली तं काय होईन?”

कागदावर दोनच वाक्ये होती. पहिले असे, की मी कोविडची लस स्वतःच्या खुशीने टोचून घेत आहे. दुसरे असे, की लसीपासून मला काही अपाय झाल्यास त्याबद्दल कंत्राटदार जबाबदार राहणार नाही. याखेरीज एक तिसरे वाक्य होते. परंतु ते कागदावर नव्हते, मुकादमाच्या तोंडी होते. ज्याची सही नसेल त्याने उद्यापासून कामावर येऊ नये, हे ते वाक्य होय.

कागदावर खुशी आणि तोंडी सक्ती! ज्याला खुशी म्हणावयाचे ती पोटाला चिमटा घेऊन मिळवावयाची आणि त्याच खुशीच्या बळावर आपली जबाबदारी झटकून मोकळे व्हावयाचे, असा हा न्याय होता. त्या महासाथीच्या काळात इस्पितळातील नोकरवर्ग लस घेण्यास किती राजी आहे, याची चर्चा शहाण्यासुरत्या लोकांनी पुष्कळ केली. परंतु राजी होण्यासाठी माणसापुढे काय ठेवावे लागते, याची चर्चा फार थोड्यांनी केली. ती आज आपण करू. कारण ती साथ ओसरली असली तरी तो कागद अजून ओसरलेला नाही.

आधी कोण कचरले?

१६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात लस टोचण्यास आरंभ झाला. पहिला मान आरोग्यसेवेतील लोकांचा होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्या दिवशी पहिली लस एका सफाई कामगाराने घेतली. त्यावर आपल्यातील काहींनी विचारले, की हा मान आहे की आधी आमच्यावर प्रयोग आहे? ज्या समाजाला शतकानुशतके मान सोडून बाकी सर्व काही पहिल्याने मिळाले, त्याला असा संशय यावा यात नवल नाही. परंतु सत्य ते सांगितले पाहिजे. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी त्या संस्थेच्या संचालकांनीही तीच लस आपल्या दंडात टोचून घेतली.

आपल्या महाराष्ट्रात त्या पहिल्या दिवशी २८५ केंद्रे उघडली होती. प्रत्येक केंद्रावर शंभर याप्रमाणे २८ हजार ५०० माणसांची अपेक्षा होती. आली ती १८ हजारांच्या थोडी वर, म्हणजे सुमारे ६४ टक्के. लगेच बोभाटा झाला, की आरोग्य कर्मचारीच कचरतात! परंतु न आलेला प्रत्येक माणूस कचरलेला होता काय? नावे नोंदविण्याची आणि निरोप धाडण्याची जी ‘कोविन’ नावाची यंत्रणा उभारली होती, तीच अडखळली आणि त्यापायी राज्यात हे काम दोन दिवस थांबवावे लागले. ज्याला निरोपच पोचला नाही, त्याला भित्रा ठरविणे हा कोठला न्याय?

बरे, जे खरोखर कचरले, ते कोण होते? त्याच १६ जानेवारीला दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिले, की आम्हाला कोव्हॅक्सिन नको, कोविशील्ड द्या. कारण कोव्हॅक्सिनच्या चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत. हे पत्र झाडूवाल्यांचे नव्हते, डॉक्टरांचे होते. आणि त्यात तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही. ३ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही लशींना परवानगी मिळाली, तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. ती लस ‘चाचणीच्या स्वरूपात’ देण्याची अट होती. पहिले निष्कर्ष मार्चच्या ३ तारखेस आले आणि ११ मार्चला ती अट उठली. अशा स्थितीत देशाच्या औषध नियंत्रकांनी मात्र या लशी एकशेदहा टक्के सुरक्षित आहेत असे जाहीर केले होते. ज्याला शंभरापर्यंत मोजता येते, त्याच्या मनात अशा बोलण्याने विश्वास वाढेल की शंका?

येथे भेद पाहा. डॉक्टराने शंका काढली की तो ‘शास्त्रीय आक्षेप’ आणि झाडूवालीने तीच शंका काढली की ते ‘अज्ञान’! डॉक्टराच्या पत्राला वृत्तपत्रात जागा मिळते, झाडूवालीच्या प्रश्नाला मुकादमाची धमकी मिळते. प्रश्न एकच आहे. विचारणाऱ्याची जागा तेवढी वेगळी आहे. हे असेच चालावयाचे असेल, तर समता हा शब्द पुस्तकातच राहू द्यावा.

कायदा काय म्हणतो?

आता कायद्याचे पाहू. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या खटल्यात निर्णय दिला. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्यापुढे तो खटला चालला होता. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने माणसाच्या शरीरावर त्याचा स्वतःचा अधिकार मान्य केला आहे, सबब कोणावरही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. लोकांच्या आरोग्यासाठी सरकारला काही निर्बंध घालता येतील, परंतु ते कायद्याला धरून, गरजेपुरते आणि प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्यापासून रोग पसरण्याचा धोका लस घेतलेल्यापेक्षा अधिक आहे असे दाखविणारी माहिती आपल्यापुढे ठेवली गेली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, असेही न्यायालयाने नोंदविले. लसीच्या चाचण्यांची आणि तिच्यापासून झालेल्या अपायांची माहिती लोकांपुढे उघड ठेवा, असा आदेश दिला. त्यापूर्वी २३ जून २०२१ रोजी मेघालयाच्या उच्च न्यायालयानेही सक्तीच्या लसीकरणास मूलभूत हक्कांच्या विरुद्ध ठरविले होते.

मोठीमायच्या कागदावर ही सर्व चर्चा नव्हती. पण त्यातील दुसरे वाक्य तर त्याही आधीपासून निरर्थक होते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या १७ व्या कलमाने सांगून ठेवले होते, की कामामुळे होणाऱ्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क कामगाराने लेखी सोडला, तरी तो करार रद्दबातल समजावा. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत इस्पितळाच्या आणि प्रयोगशाळेच्या कामात जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांना धंद्यातील रोग म्हणून जागा दिलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो जुना कायदा तीत विलीन झाला. पण धंद्यातील रोगाची भरपाई हे तत्त्व संहितेतही कायम आहे. कंत्राटदाराच्या कागदाने संसदेचा कायदा पुसला जात नाही, एवढे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक झाले, तर असे कागद छापण्याचा खर्च कोणी करणार नाही.

हक्क आहे म्हणून नकार द्यावा काय?

एवढे वाचून कोणी टाळ्या पिटील आणि म्हणेल, “वकीलसाहेब, छान! शरीर आमचे, मर्जी आमची. मग आम्ही लस घेणारच नाही!” त्याला मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो, की बाबा रे, तू निकालाचे अर्धे पान वाचलेस. त्याच निकालात न्यायालयाने लशींना घाईने आणि पुराव्याविना परवानगी दिली हा आरोप फेटाळला आहे. नकार देण्याचा हक्क असणे ही एक गोष्ट आणि नकार देण्यास कारण असणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. मत न देण्याचा हक्कही तुम्हाला आहे. म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसणारा शहाणा ठरत नाही.

कारण तपासावयाचे असेल तर पुरावा पाहा. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याच नोकरांची पाहणी केली. त्यांपैकी ८ हजार ९९१ जणांनी लस घेतली होती. लस न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली तेव्हा असे दिसले, की ज्यांनी दोन्ही मात्रा घेतल्या त्यांना रोगाची लागण होण्यापासून ६५ टक्के, इस्पितळात दाखल होण्यापासून ७७ टक्के, प्राणवायूची गरज लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के संरक्षण मिळाले. हे आकडे मंत्र्यांच्या भाषणातील नाहीत. तुमच्या-आमच्यासारख्या इस्पितळात राबणाऱ्या माणसांच्या देहावरून काढलेले आहेत. लस रोगाला पूर्णपणे अडवीत नाही, हे त्यातून दिसतेच. परंतु ती बहुतेकांना मरणाच्या दारातून मागे खेचते, हेही त्यातूनच दिसते.

लस म्हणजे काय, हेही समजून घ्या. म्हणजे भय निम्मे होईल. कोव्हॅक्सिनमध्ये मारून टाकलेला विषाणू असतो. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर आपण जी सुई घेतो, तीही याच रीतीची आहे. कोविशील्डमध्ये, शरीरात वाढू शकणार नाही अशा एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर कोरोनाच्या काट्याची खूण धाडलेली असते. चोराचे चित्र आधी दाखवून ठेवले, म्हणजे चोर आल्यावर पहारेकरी त्याला ओळखतो. शरीराचेही तसेच आहे. अपाय मुळीच होत नाही असे मात्र नाही. ताप येतो, अंग दुखते. आणि कोविशील्डच्या बाबतीत फारच थोड्या माणसांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा गंभीर विकार आढळला, हे तिच्या मूळ कंपनीने २०२४ साली समोर आलेल्या इंग्लंडमधील न्यायालयीन कागदपत्रांत मान्य केले आहे. हे तुमच्यापासून लपविणारा तुमचा मित्र नव्हे; आणि एवढेच सांगून, रोगाने किती माणसे नेली हे न सांगणाराही तुमचा मित्र नव्हे.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी साथ आली की मरीआईचा गाडा ओढून गावाच्या शिवेबाहेर नेत. माता निघाल्या म्हणजे देवी कोपली असे समजत आणि सरकारी माणूस देवी टोचावयास आला, की पोरे कणगीत लपवीत. याच महाराष्ट्रात, मुंबईत, १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली गेली आणि हिंदुस्थानात लसीची सुरुवात झाली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९८० साली, तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्या देवीपुढे नवस चालत, ती सुईपुढे टिकली नाही. आपण मरीआईपुढे नारळ फोडणे सोडले ते बुद्धीला स्मरून सोडले. मग मोबाइलवर आलेल्या अफवेपुढे नारळ का फोडावा? लसीने पुरुषत्व जाते, लस टोचली की दोन वर्षांत माणूस मरतो, अशी अफवा कोणी धाडली, त्याने काय पाहिले आणि कोठे पाहिले, हे विचारल्याशिवाय ती पुढे ढकलणारा माणूस मरीआईचा गाडाच ओढतो. गाड्याला चाके नाहीत एवढाच फरक.

तद्वत साहेबाच्या शब्दापुढेही नारळ फोडू नका. अफवा आणि हुकूम ही दोन्ही एकाच जातीची आहेत. दोघेही म्हणतात, विचारू नकोस. आपण विचारणारे लोक आहोत.

सक्तीने काय साधते?

सक्तीने काय होते, याचाही दाखला आपल्याच इतिहासात आहे. १८९७ साली प्लेगने पुणे-मुंबईत थैमान घातले. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली आणि मगच ती इतरांपुढे ठेवली. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, माणसे ओढून नेली. परिणाम असा झाला, की लोकांनी रोगी लपविले आणि सरकारचे चांगले कामही लोकांच्या नजरेत पाप ठरले. एकाने विश्वास मिळविण्यासाठी आधी स्वतःचा दंड पुढे केला, दुसऱ्याने बंदूक पुढे केली. यातील कोणाचे नाव परळच्या संस्थेवर आजही आदराने घेतले जाते, हे सांगावयास नको.

आणि त्याच प्लेगात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचविले आणि तो रोग त्यांना जडला. रोग्याची सेवा करणाराच रोगाच्या तोंडी प्रथम पडतो. त्या माउलीजवळ ढाल नव्हती. आज ढाल आहे. ती उचलण्याची लाज किंवा भीती कशाला वाटावी?

जी लस त्यांनी दिलीच नाही

आता मी इस्पितळांच्या मालकांकडे व व्यवस्थापकांकडे वळतो. कोविडच्या लसीसाठी रात्रीत कागद छापणाऱ्यांनो, दुसऱ्या एका लसीचे काय झाले?

मी मोठीमायला विचारले, “मोठीमाय, पंधरा वर्षांत तुला कावीळ ब ची लस कधी टोचली काय?” तिने ते नावही ऐकले नव्हते. तिच्या बोटांना मात्र कचऱ्यातील सुया किती वेळा टोचल्या, याची गणती तिने सोडून दिली होती. कावीळ ब हा यकृत पोखरणारा रोग आहे. बाधित रोग्याला टोचलेली सुई लस न घेतलेल्या माणसाच्या हाती लागली, तर हा रोग जडण्याचा धोका एच.आय.व्ही.च्या धोक्याहून कितीतरी पटींनी अधिक असतो. त्यावर लस आहे. पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रांत ती पुरी होते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांच्या चौथ्या नियमाने सांगितले आहे, की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वात यांपासून बचाव करणाऱ्या लशी द्या, कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी निदान एकदा त्याची आरोग्य तपासणी करा, त्याला शिक्षण द्या. हे कर्तव्य ज्याच्या ताब्यात इस्पितळ आहे त्याचे आहे. कंत्राटदाराकडे बोट दाखवून त्यातून सुटता येत नाही.

ज्यांनी कायद्याने देणे असलेली लस दिली नाही, त्यांनी एका रात्रीत दुसऱ्या लसीसाठी भाकर काढून घेण्याची धमकी द्यावी, आणि वर विचारावे, की हे लोक आमच्यावर विश्वास का ठेवीत नाहीत! विश्वास हा पंधरा वर्षांत मिळवावयाचा असतो, पंधरा मिनिटांत नव्हे. कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नसून त्याच्यावरील बंधन आहे, हा विचार बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना राज्यकारभारात रुजविला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा २१ व्या अनुच्छेदातील मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. तरी तो झाडणारणीच्या बोटापर्यंत पोचलेला नाही.

सरकारचेही तेच. मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर झाला. त्यात सफाई कामगार, वॉर्डबॉय, आशा या सर्वांची नावे घेतली होती. ते योग्यच झाले. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये, लसीनंतर दगावलेल्या दोन मुलींच्या आईबापांच्या खटल्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र दिले, की लस ऐच्छिक होती, सबब भरपाईची जबाबदारी आमच्यावर येत नाही. दिवाणी न्यायालयात जावे. मोठीमायच्या कागदाशी हे ताडून पाहा. वरपासून खालपर्यंत एकच भाषा! लाखात एखाद्याला अपाय झाला, तर तो त्याने सर्वांच्या भल्यासाठी सोसला असे समजून त्याच्या घराला विनाखटला, विनाविलंब भरपाई मिळाली पाहिजे. असा कायदा करा आणि मग पाहा, किती हात पुढे येतात ते.

तुम्ही काय करावे?

बंधु-भगिनींनो, पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. येणारच नाही असेही कोणी सांगू शकत नाही. म्हणून आजच चार गोष्टी करा. घरातील जो कोणी इस्पितळात झाडतो, रोगी उचलतो, रक्ताच्या बाटल्या वाहतो, त्याला आज रात्री विचारा, की तुझ्या कावीळ ब च्या तीन मात्रा झाल्या काय? झाल्या नसतील तर इस्पितळाच्या प्रमुखाकडे लेखी अर्ज करावयास सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. सुई टोचली तर त्याच दिवशी नोंद करवून घ्या. लसीचा दाखला घरातील सातबाऱ्यासारखा जपून ठेवा. आणि कोणताही कागद पुढे आला, तर वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे जा. यात कमीपणा नाही, न वाचता अंगठा उठविण्यात आहे.

राहिली मोठीमाय. मी त्या कागदावरील दुसरे वाक्य तिच्यासमोर शाईने खोडले. लसीचे गुण आणि तिचे धोके, दोन्ही तिला सांगितले. तिने पुष्कळ प्रश्न विचारले. डॉक्टरांनी आपल्या पत्रात विचारला होता, तोही त्यात होता. मग ती म्हणाली, “मुकादम म्हणते म्हणून नाही, मले पटलं म्हणून घेतो.” तिने पहिल्या वाक्याखाली सही केली आणि सरकारी केंद्रावर जाऊन लस टोचून घेतली. तिला दोन दिवस ताप आला आणि कंत्राटदाराने त्या दोन दिवसांची मजुरी कापली. मी नोटीस दिली. मजुरी परत मिळाली. एका माणसाच्या उदाहरणाने लसीचे शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु राजीखुशी कशाला म्हणतात, हे त्याने सिद्ध होते.

ज्याला प्रश्न विचारू दिला, त्यानेच खरा होकार दिला. बाकीचे होकार कंत्राटदाराच्या दप्तरात पडून आहेत. ते तेथेच कुजू द्या.